ब्लॅकबर्न ऑलिंपिक : श्रमिकांचा चषक आणि त्याचा वारसा

31 मार्च 1883 रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस ईटनच्या शाळेतील माजी विद्यार्थ्यांचा ‘ओल्ड ईटोनियन्स’ हा संघ होता, तर दुसऱ्या बाजूस लँकाशायरमधील ब्लॅकबर्न ह्या गिरणगावचा ‘ऑलिंपिक’ संघ. जादा वेळेत 2-1 अशा गोलांनी ऑलिंपिकने चषक जिंकला. इंग्लंडच्या सामाजिक इतिहासात हा प्रसंग श्रमिक वर्गाच्या विजयाचे प्रतीक मानला जातो. हे मत सर्वथा चुकीचे नाही. परंतु हा विजय मिळविणारी संस्था अवघ्या सहा वर्षांत लयास गेली, हेही तितकेच खरे आहे. ह्या दोन घटनांचा परस्परसंबंध लावल्याखेरीज त्या विजयाचा अर्थ नीट उलगडत नाही.

असोसिएशनची स्थापना 1863 मध्ये झाली व चषकाची स्पर्धा 1871-72 च्या हंगामात सुरू झाली. 1872 ते 1882 ह्या काळातील अकराही चषक दक्षिणेकडील हौशी संघांनी जिंकले. हे खेळाडू मुख्यतः खाजगी निवासी शाळांतून, विद्यापीठांतून अथवा लष्करी अधिकारीवर्गातून आलेले होते. ईटोनियन्सचा आर्थर किनेअर्ड हा त्यांचा उत्तम प्रतिनिधी होय. पेढीच्या व्यवसायातील हा उमराव नऊ अंतिम सामने खेळला; 1883 चा सामना त्यांतील अखेरचा ठरला.

उत्तरेकडे हा खेळ रुजला तो निराळ्या भूमीत. 1850 च्या कारखाना-कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविण्याचे बंधन घातले. त्यांच्यावाचून गिरणी चालणे शक्य नसल्याने पुरुषांनाही ती सवलत व्यवहारात लाभली. ही शनिवारची अर्धी सुट्टी नसती, तर श्रमिकांचा फुटबॉल उदयास आला नसता. त्यामागील आर्थिक स्थिती मात्र स्थिर नव्हती. 1861 ते 1865 ह्या अमेरिकन यादवीच्या काळात कापूस मिळेनासा होऊन लँकाशायरच्या गिरण्या बंद पडल्या. त्या वेळी मुंबई बंदरातून गेलेला आखूड धाग्याचा कापूस तेथे ‘सुरत’ ह्या नावाने इतका अप्रिय झाला, की तो शब्दच भेसळीच्या व हलक्या मालाचा वाचक बनला. मुंबईस ज्या कापसाने वैभव दिले, त्याचीच आठवण ब्लॅकबर्नच्या विणकरांस हलाखीचे दिवस म्हणून राहिली.

1878 मध्ये दोन लहान स्थानिक संघांच्या मीलनातून ऑलिंपिकचा जन्म झाला. प्राचीन ऑलिंपियाचे उत्खनन तेव्हा चालू होते व संस्थेचे नाव त्यावरूनच सुचले असावे, असे मानले जाते. मैदानाचे नाव मात्र शेजारच्या मद्यगृहावरून पडलेले. 1883 च्या संघात विणकर, सूत कातणारा, लोखंडाचे ओतकाम करणारा, चित्रांच्या चौकटी बनविणारा, नळकाम करणारा कसबी, कारकून, दंतवैद्याचा मदतनीस व मद्यगृहचालक अशा नाना व्यवसायांचे लोक होते. यावरून असे दिसते की, हा संघ केवळ गिरणीमजुरांचा नव्हता; कसबी कारागीर व कनिष्ठ मध्यमवर्ग यांचाही त्यात वाटा होता. शिवाय संघाचा खर्च मुख्यत्वे सिडनी येट्स ह्या ओतकामाच्या कारखानदाराने उचलला होता. श्रमिकांच्या विजयास मालकाचे धन लागले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

ह्या धनाचा उपयोग कसा झाला, हेही लक्षणीय आहे. शेफील्डहून आलेला जॅक हंटर हा खेळाडू व शिक्षक अशी दोन्ही कामे करी. अंतिम सामन्यापूर्वी त्याने संघास समुद्रकाठच्या ब्लॅकपूल येथे सरावासाठी नेले. सामन्याआधी अशी पद्धतशीर तयारी करणे हौशी संघांच्या कल्पनेबाहेरचे होते. खेळातही भेद होता. ईटोनियन्सचा भर चेंडू पायाशी ठेवून पुढे घुसण्यावर, तर ऑलिंपिकचा मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांब चेंडू देण्यावर. गुडहार्टने ईटोनियन्सचा गोल केला. मॅथ्यूजने बरोबरी साधली. ईटोनियन्सचा एक खेळाडू जायबंदी होऊन बाहेर गेला आणि बदली खेळाडूची प्रथा नसल्याने ते दहाच उरले. जादा वेळेत येट्स आडनावाच्या विणकराने दिलेल्या चेंडूवर कॉस्टली ह्या सूत कातणाऱ्या तरुणाने विजयी गोल केला.

ह्यानंतर जो वाद पेटला, तो वरवर पाहता नीतीचा होता. ‘हौशी’ ह्या शब्दास निःस्वार्थतेचे वलय होते, तर ‘व्यावसायिक’ ह्या शब्दात हीनतेची छटा होती. वस्तुतः दोन्ही शब्द आर्थिक स्थितीचे निदर्शक होते. ज्याच्या उत्पन्नास खेळामुळे खाडा पडत नाही, तोच हौशी राहू शकतो. लंडनला सामना खेळावयास गेलेल्या विणकराचा मात्र रोज बुडे, आणि त्याची भरपाई घेतली की तो दोषी ठरे. ही तिरस्काराची भावना भाषेपर्यंत पोचली होती. 1884 मध्ये लंडनला आलेल्या ब्लॅकबर्नच्या प्रेक्षकांच्या वेशाची व बोलीची ‘पॉल मॉल गॅझेट’ने उघड हेटाळणी केली. अखेर जुलै 1885 मध्ये असोसिएशनने काही निर्बंधांसह व्यावसायिकतेस मान्यता दिली.

ही मान्यताच ऑलिंपिकच्या मुळावर आली. वेतन उघडपणे देता येऊ लागताच अधिक प्रेक्षक व अधिक भांडवल असलेल्या संघाची सरशी होणे अटळ होते. त्याच गावातील ब्लॅकबर्न रोव्हर्सने 1884, 1885 व 1886 असे लागोपाठ तीन वेळा चषक जिंकला. 1888 मध्ये बारा संघांची फुटबॉल लीग स्थापन झाली; तीत रोव्हर्सला स्थान मिळाले, ऑलिंपिकला मिळाले नाही. 1889 मध्ये संस्था बंद पडली.

तात्पर्य, ऑलिंपिकचा वारसा संस्थेच्या रूपाने उरला नाही. तो खेळाच्या रचनेत उरला. 1883 नंतर ईटोनियन्ससारख्या माजी विद्यार्थ्यांच्या संघास तो चषक पुन्हा कधीही जिंकता आला नाही. शिक्षक, सराव, वेतन व नियोजित खेळ ही आधुनिक फुटबॉलची अंगे ह्या विजयाने रूढ होण्यास साह्य झाले. स्मृती मात्र जेत्यांशी नेहमीच प्रामाणिक राहते असे नाही. 2020 च्या ‘द इंग्लिश गेम’ ह्या दूरचित्रवाणी मालिकेत ऑलिंपिक व रोव्हर्स यांचा इतिहास ‘ब्लॅकबर्न’ ह्या एकाच संघाच्या नावे मिसळून टाकला आहे. रोव्हर्सची पुढील वाटचालही उद्बोधक आहे. पोलादाच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या जॅक वॉकर ह्या ब्लॅकबर्नच्याच सुपुत्राच्या पैशावर त्या संघाने 1995 मध्ये प्रीमियर लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो पुण्याच्या व्हेंकीज उद्योगसमूहाकडे गेला. खेळावयाचे श्रमिकांनी व खर्च करावयाचा धनिकाने, ही जी व्यवस्था सिडनी येट्सच्या काळी अंकुरली, तिचाच हा विस्तार होय. श्रमिकांनी चषक जिंकला. खेळावरील स्वामित्व मात्र त्यांच्या हाती आले नाही. 1883 च्या विजयाचे मूल्यमापन करताना ही दोन्ही विधाने एकत्रच वाचली पाहिजेत.