तुकोबांच्या वाटेवरचा स्कॉटिश पाद्री

मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमात मिशनऱ्यांना जागा मिळते ती व्याकरण, कोश आणि छापखाना या तीन खणांत. यांपैकी कोणत्याच खणात न बसणारे एक पाद्री म्हणजे निकोल मॅकनिकल (१८७०–१९५२). देहूहून निघालेली पालखी दरवर्षी आमच्या निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामी जाते. त्या वाटेवर गायिले जाणारे अभंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने इंग्रजीत नेले, म्हणून त्यांचे स्मरण आम्हांला अगत्याचे वाटते.

मॅकनिकल ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून आले, तिच्यात बिशप नसतो. चर्चचा कारभार वडीलजनांच्या सभेकडे असतो. याच परंपरेतल्या जॉन विल्सन यांनी मुंबईत मोरभट्ट दांडेकरांशी जाहीर वाद घातला आणि १८३२ साली त्यांना उत्तर म्हणून हिंदू धर्माच्या खंडनाचे पुस्तक लिहिले. पुण्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या मॅकनिकल यांची वाट निराळी होती. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असे सांगणारे कवी ना. वा. टिळक १९१९ साली वारले. त्याच वर्षी मॅकनिकल यांचे ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’ प्रसिद्ध झाले. त्यात ज्ञानेश्वर, मुक्ताबाई, नामदेव, जनाबाई, एकनाथ आणि तुकाराम यांच्या १०८ रचना असून सर्वाधिक तुकोबांच्या आहेत.

या पुस्तकाचे शीर्षक आम्हांला फार बोलके वाटते. ‘साम्स’ म्हणजे बायबलातील स्तोत्रे. स्कॉटिश चर्चच्या उपासनेत १६५० पासून याच स्तोत्रांचे छंदोबद्ध रूपांतर गायिले जात आले. आपल्या उपासनेतील सर्वांत जिव्हाळ्याचा शब्द या पाद्र्याने वारकऱ्यांच्या अभंगांना दिला. विल्सन यांच्या पिढीत हे घडते ना.

अर्थात या सन्मानाची किंमत अभंगांनी मोजली. यमकबद्ध इंग्रजीत तुकोबांची रोखठोक, भांडखोर बोली सौम्य होऊन जाते. ती इंग्रजीत ऐकण्यासाठी दिलीप चित्रे यांच्या ‘सेज तुका’ची (१९९१) वाट पाहावी लागली. शिवाय मॅकनिकल अखेरपर्यंत मिशनरीच राहिले. ‘इंडियन थीइझम’मध्ये (१९१५) भक्तीचे मोल ठरवताना त्यांच्या हातातली फूटपट्टी ख्रिस्ती ईश्वरकल्पनेचीच आहे.

तरीही ऋणनिर्देश किंवा निषेध या दोनच शब्दांत मिशनऱ्यांची बोळवण करण्याची आपली सवय येथे अपुरी पडते. धर्म शिकवायला आलेल्या माणसाला येथील कवितेने काय शिकवले, हा प्रश्नही वाङ्मयेतिहासाचाच आहे आणि आपल्या वर्गांत तो विचारला गेला पाहिजे.