माकडांच्या मरणाची वर्दी

त्रिनिदादच्या जंगलातल्या हाउलर माकडांचा गलका दूरवर ऐकू येतो. तो बंद पडला आणि झाडांखाली मेलेली माकडं सापडू लागली, की आता माणसांत पीतज्वर येणार, असं तिथले जुनेजाणते म्हणत. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू बाल्फोर यांनी १९१४ मध्ये ही लोकसमजूत वैद्यकीय जगापुढे मांडली. पण तेव्हा पीतज्वर म्हणजे शहरातल्या एडिस इजिप्ती डासाचा आजार, अशीच पक्की धारणा होती.

अमेरिकेतली माकडं या रोगाची मूळ मालकही नव्हेत. विषाणू आफ्रिकेतला. सतराव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून, पाण्याच्या पिंपांत वाढणाऱ्या डासांसह, तो अमेरिकेत उतरला. आफ्रिकी माकडांना त्याची लागण होते, पण ती सहसा आजारी पडत नाहीत. अमेरिकेतल्या हाउलरना ही सवय नव्हती; ती पटापट मरतात. म्हणूनच ही वर्दी अमेरिकेत मिळते, आफ्रिकेत नाही.

आफ्रिकी माकडांच्या या काटकपणाने संशोधकांना मात्र जेरीस आणलं. प्रयोगासाठी आजारी पडेल असा प्राणीच मिळेना. अखेर १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत एड्रियन स्टोक्स आणि सहकाऱ्यांनी असिबी नावाच्या रुग्णाचं रक्त टोचलं ते भारतातल्या लालतोंड्या ऱ्हीसस माकडाला. माकड मेलं, असिबी बरा झाला, आणि स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वरानेच गेले. असिबीच्या रक्तातल्या विषाणूपासून मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्ये १७डी लस घडवली.

दरम्यान १९३२ मध्ये ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यात फ्रेड सोपर यांच्या पथकाला एडिस इजिप्ती नसलेल्या दरीत पीतज्वर सापडला. जंगलात तो माकडं आणि झाडांच्या शेंड्यांवरचे हिमॅगोगस डास यांच्यात फिरतो. लाकूडतोड्याने झाड पाडलं, की डास त्याच्या अंगावर येतात.

भारतातही, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या मंडळींच्या मनात पीतज्वराची पाल चुकचुकली ती उगाच नव्हे. निघाला मात्र गोचिडींतून पसरणारा वेगळाच विषाणू. हाच तो क्यासनूर आजार, दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माकडताप.

ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ च्या पीतज्वराच्या साथीत हजारो माकडं मेली. वर भेदरलेल्या लोकांनी आणखी काही मारली. वर्दी देणाऱ्यालाच झोडपण्याचा हा प्रकार. माकडापासून माणसाला थेट लागण होतच नाही. रिओजवळच्या जंगलातल्या गोल्डन लायन टॅमरिन या सोनेरी माकडांची संख्या ३,७०० वरून २,५०० वर आली. अनेक दशकं खपून वाढवलेली ही संख्या. शेवटी २०२१ पासून केळ्यांच्या आमिषाने त्यांना पिंजऱ्यात पकडून माणसांचीच पीतज्वराची लस टोचायला सुरुवात झाली. रानटी माकडांना टोचणं योग्य की नाही, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. २०२३ च्या गणनेत टॅमरिन सुमारे ४,८०० भरली. तोवर साथही ओसरली होती.