असामान्य गुणवत्तेचा कागद

अमेरिकेच्या कायद्यात 'असामान्य गुणवत्ता' असा एक शब्दप्रयोग आहे. बेळगाव-निपाणीकडच्या तरुण इंजिनिअरांच्या तोंडी तो अलीकडे वरचेवर ऐकू येतो. कोणा कंपनीने बोलावले नाही तरी निव्वळ स्वतःच्या कर्तबगारीवर तेथे कायम राहण्याचा परवाना मागता येतो, हे आपल्या वडील पिढीला खरे वाटणार नाही. मात्र ती कर्तबगारी कागदावर सिद्ध करावी लागते. आणि आपल्या मुलखात कर्तबगारी व कागद यांची गाठ सहसा पडत नाही.

1917 च्या अमेरिकी कायद्याने आशियातील बहुतेक लोकांना, त्यांत आपणही आलो, दार बंद केले. गंमत अशी, की सवलतीच्या यादीत विद्यार्थी, व्यापारी, डॉक्टर यांच्या जोडीला सिव्हिल इंजिनिअरही होते. 1924 साली दार आणखी आवळले गेले. विद्यार्थ्यांची वाट तेवढी राहिली. त्याच वाटेने 1922 मध्ये एम. आय. टी.त गेलेले शंतनुराव किर्लोस्कर 1926 साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले व परत आले. 1946 मध्ये हिंदुस्थानच्या वाट्याला वर्षाकाठी 100 जागा आल्या. जवळजवळ चाळीस कोटींच्या देशाला शंभर! ही कोंडी 1965 च्या कायद्याने फुटली, आणि 1990 च्या कायद्याने नोकरी-व्यवसायाच्या वर्गवारीत असामान्य गुणवत्तेला पहिल्या क्रमांकात बसवले.

जगन्मान्य पारितोषिक गाठीशी असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर दहा कसोट्यांपैकी किमान तीन उतराव्या लागतात: नावाजलेली बक्षिसे, निवडक संस्थांचे सभासदत्व, आपल्याविषयी इतरांनी छापलेला मजकूर, इतरांच्या कामाचे परीक्षण, महत्त्वाचे नवे संशोधन, विद्वत्तापूर्ण लेख, मोठ्या संस्थेतील कळीची जबाबदारी, भरघोस पगार वगैरे. तीन जमल्या म्हणजे भागले असेही नाही. 2010 च्या काझारियन खटल्यापासून अधिकारी सगळा पुरावा पुन्हा एकत्र तोलून पाहतात. शिवाय देशवार मर्यादा आहेच. 2018 पासून या पहिल्या क्रमांकातही भारतीयांना अनेकदा रांगेत थांबावे लागले आहे.

या कसोट्या मी मनातल्या मनात शंतनुरावांच्या वडिलांना लावून पाहिल्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, जन्म 1869. इंजिनिअरिंगची पदवी नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवत असताना हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर सुरुवातीला कोणी घेईना. संशोधन होते, पण लेख नाही. कळीची जबाबदारी होती, पण संस्था स्वतःच उभारलेली. पगाराचे तर नावच नको. 1920 पासून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले खरे, पण घरच्या मासिकात घरच्याचे कौतुक चालत नाही! माझ्या मते, पहिल्या नांगराच्या दिवसांत त्यांचा अर्ज साभार परत आला असता. आज उद्यमबागेतल्या फाउंड्रीत धातूच्या रसाचा रंग पाहून ताव ओळखणारा मिस्त्री याच पंक्तीतला.

ही झाली गुणवत्तेची बाजू. मी मराठी-कन्नड कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करतो, त्यामुळे दुसरी बाजू रोज समोर येते. इंजिनिअर निपाणीचा, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, जन्माचा उतारा कन्नडमध्ये, पदवी इंग्रजीत. वडिलांचा जन्म मुंबई राज्यातला, 1 नोव्हेंबर 1956 नंतर तेच गाव म्हैसूर राज्यात, 1973 पासून कर्नाटकात. जन्मगाव एका कागदावर बेळगाव, 2014 नंतरच्या कागदावर बेळगावी. मुलगी सविता असेल तर मराठी वळणाने इंग्रजीत नुसता 'टी', दाक्षिणात्य वळणाने 'टी'ला 'एच' जोडलेला. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे, तिकडे आद्याक्षर होऊन पुढे. सातासमुद्रापलीकडच्या टेबलावर ही दोन माणसे ठरू शकतात. सीमाप्रश्नावर इतके लिहिले गेले, पण त्याची ही किरकोळ वाटणारी पीडा कोणी फारशी नोंदलेली नाही.

जन्माची नोंदच नसेल तर तसा दाखला, शाळेचा दाखला आणि जन्म ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडता येतात. म्हणून घरात आजी-आजोबा धडधाकट आहेत तोवर ही प्रतिज्ञापत्रे करून ठेवा, असे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. भाषांतराची अट मात्र साधी आहे. आपल्याला भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, असे भाषांतरकाराने लिहून खाली सही करायची. एकाच माणसाच्या दोन भाषांतल्या दोन कागदांवर मी अशा सह्या पुष्कळदा केल्या आहेत. नावाचे स्पेलिंग दोन्हीकडे पासपोर्टाप्रमाणे ठेवतो आणि मूळ कागदावर ते कसे आहे ते कंसात देतो.