आजीची मुंबई आणि लॉइडसाहेबाचं पाणी

'जीवाची मुंबई करणे' हा वाक्प्रचार आपण आता पार्टीपुरता उरवलाय. हिंजवडीतलं पब्लिक शुक्रवारी रात्री एक्स्प्रेसवेला लागतं, रविवारी परत. पण भोर-वेल्ह्याकडे आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत 'मुंबई बघायला जाणं' हा अख्खा सोहळा असायचा. लग्न झालं की जोडीने एकदा जायचं, नात्यातल्या कुणाच्या तरी खोलीवर उतरायचं, राणीबाग, गेटवे, तारापोरवाला मत्स्यालय बघायचं आणि पुढे आयुष्यभर सांगायचं :)

माझे आजी-आजोबा १९६२ साली गेले. भाटघरहून एसटीने पुणे, तिथून आगगाडीने दादर. मुक्काम नायगावच्या बीडीडी चाळीत, आजोबांच्या चुलतभावाकडे. खोली १६० चौरस फुटांची, माणसं आधीच सात! रात्री बायका खोलीत, पुरुष बाहेर पॅसेजमध्ये. म्हणजे तीन दिवसांच्या ट्रिपमध्ये नवं जोडपं शेजारी बसलं ते फक्त ट्राममध्ये. (दादर-बोरीबंदर. मुंबईची शेवटची ट्राम याच मार्गावर ३१ मार्च १९६४ ला धावली.) एका संध्याकाळी दोघं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसले होते. आजीने विचारलं, "एवढं पाणी! कुणाच्या रानावर हाय ह्ये?" आजोबा हसले. "अगं, समुद्र आहे हा. कुणाच्या रानावर नाही."

घरात हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. मला मात्र आजीचा प्रश्न अगदी रास्त वाटतो. का ते सांगतो.

जॉर्ज लॉइड हा १९१८ ते १९२३ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. आमच्या वेळवंडी नदीवरच्या धरणाला त्याचंच नाव दिलं गेलं, लॉइड डॅम. तिथे १९ व्या शतकाच्या शेवटी बांधलेलं एक लहान धरण होतं, व्हाइटिंग लेक. नवं धरण १९२० च्या दशकात उभं राहिलं. साठा साधारण साडेतेवीस टीएमसी, ४५ स्वयंचलित दरवाजे. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. ऊस तिकडे पिकला, बुडालं ते इकडचं रान.

याच लॉइडच्या काळात, १९२० मध्ये, मुंबईत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बीडीडी ते हेच. त्याने दोन मोठी कामं काढली. एक, कामगारांसाठी चाळी. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. दुसरं, बॅकबेचा समुद्र बुजवणं. आठ भागांचा प्लॅन होता, त्यातले चारच झाले, सुमारे ४४० एकर. मरीन ड्राइव्ह त्याच भरावावर आहे.

आता नकाशा जोडून बघा. भाटघरला जमिनीचं पाणी केलं, मुंबईत पाण्याची जमीन केली. दोन्हीकडे नाव एकाच साहेबाचं. आजी एका टोकाहून निघाली, साहेबाच्या चाळीत झोपली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. फरक इतकाच, की तिथे पाण्याखाली रान नव्हतं, तिच्या पायाखाली समुद्र होता.

बॅकबेच्या खर्चावरून तेव्हा प्रचंड गदारोळ झाला. खुर्शेद नरिमन या वकिलाने त्यातली भानगड उघड केली. एका इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे उरलेल्या समुद्रातही भराव पडला आणि त्या जागेला नाव मिळालं नरिमन पॉइंट. चाळवाल्यांचंही उशिरा का होईना काहीतरी होतंय. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

आणि भाटघर? जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे, ते छानच झालं. पण मुंबईत हिशेब विचारणाऱ्याच्या नावाचा पॉइंट झाला, इकडे बुडालेल्या रानाचा हिशेब कोणत्याच पाटीवर नाही. मे महिन्यात पाणी ओसरलं की कांबऱ्याचं जुनं शिवमंदिर, कांबरेश्वर, धरणातून वर येतं. लोक दर्शन घेतात, फोटो काढतात. जूनमध्ये पाऊस लागला की ते परत पाण्याखाली जातं.