वळणाची विद्या

मोटारसायकल उजवीकडे वळवावयाची असल्यास हँडल कोणत्या बाजूस फिरवावें, असा प्रश्न वीस वर्षें दुचाकीवर बसलेल्या एखाद्या गृहस्थास विचारला, तर तो विचारणाऱ्याच्या शहाणपणाविषयींच शंका घेईल. उजवीकडे जावयाचें तर उजवीकडे, यांत विचारावयाचें तें काय? आणि तरीही हें उत्तर चूक आहे. वेगांत असलेली दुचाकी उजवीकडे न्यावयाची म्हणजे हँडलाचें उजवें टोक क्षणभर पुढें ढकलावें लागतें. अर्थात् पुढचें चाक किंचित् डावीकडे वळवावें लागतें. त्यामुळें चाकें भाराच्या खालून डावीकडे सरकतात, गाडी उजवीकडे कलते आणि कललेली गाडी उजवीकडे वळूं लागते. तो गृहस्थ वीस वर्षें हेंच करीत आला आहे. करतो एक आणि सांगतो दुसरें, इतकेंच.

ही विसंगति केवळ गमतीची असती तर तिच्यासाठीं मासिकाचीं पानें खर्ची घालण्याचें कारण नव्हतें. परंतु हातास ठाऊक आणि मनास अज्ञात अशी विद्या ऐन संकटाच्या क्षणीं दगा देते, आणि या दग्यापायीं पुष्कळांनीं प्राण गमावले आहेत. ही विद्या हातांतून शब्दांत यावयास किती काळ लागला, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

जर्मनींत कार्ल फॉन ड्राइस यानें १८१७ सालीं मानहाइम येथें आपली पायांनीं रेटावयाची दुचाकी चालवून दाखविली. त्यानंतर अर्धशतकानें, १८६९ सालीं, ग्लासगो विद्यापीठाचे प्राध्यापक रँकिन यांनीं ‘एंजिनिअर’ या लंडनच्या पत्रांत दुचाकीच्या गतीवर लेखमाला लिहिली. वाफेच्या यंत्राचें शास्त्र ज्यांनीं रचलें त्यांपैकीं हे एक. एका बाजूस वळण्यासाठीं प्रथम दुसऱ्या बाजूस चाक वळवावें लागतें, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. पण तें पत्र कारखानदारांचें आणि यंत्रज्ञांचें; सायकलवर बसणारा तरुण तें वाचीत नव्हता, आणि वाचणारे बहुधा सायकलवर बसत नव्हते. विद्वत्ता आणि व्यवहार यांची अशी चुकामूक आपल्याकडेही नवीन नाहीं.

पुढें विल्बर राइट यानें हीच गोष्ट अगदीं साध्या रीतीनें पडताळून पाहिली. विमानाच्या शोधापूर्वीं राइट बंधूंचें डेटन या गांवीं सायकलचें दुकान होतें, हें सर्वश्रुत आहे. विल्बरनें डझनावारी सायकलस्वारांस विचारलें कीं, तुम्ही डावीकडे कसे वळतां? पहिल्या प्रयत्नांत संपूर्ण खरें उत्तर देणारा एकही भेटला नाहीं. आम्हांस तर असें वाटतें कीं, विमान वळवावयाचें तर तें पक्ष्याप्रमाणें कलतें केलें पाहिजे, ही गोष्ट या बंधूंस इतकी सहज पटली याचें थोडें श्रेय त्या सायकलच्या दुकानासही द्यावें.

मोटारसायकलचा आरंभ मात्र मोठा चमत्कारिक झाला. १८८५ सालीं गॉटलीब डाइमलर यानें कान्श्टाट येथें लांकडी सांगाड्यावर एंजिन बसवून जी गाडी तयार केली, तिला दोन्ही बाजूंस एकेक लहान आधारचाक होतें. गाडी पडूं नये ही काळजी रास्त होती. पण ज्या गाडीस मोकळेपणानें कलतां येत नाहीं तिला दुचाकीसारखें वळतांही येत नाहीं. पडण्याचें भय आणि वळण्याची शक्ति एकाच कलण्यांत आहेत, हें यंत्रकारास उमजलें तेव्हांच तीं आधारचाकें गेलीं.

१९०७ सालीं आयल ऑफ मॅन बेटावर टूरिस्ट ट्रॉफीच्या शर्यती सुरू झाल्या, आणि १९११ पासून त्या डोंगरावरून जाणाऱ्या सुमारें साठ किलोमीटरांच्या वाटेवर होऊं लागल्या. ही वाट म्हणजे गांवांतून, दगडी कुंपणांमधून जाणारा नित्याचा रस्ता. वळणें दोनशेंहून अधिक. येथें वळणाची विद्या खरोखर वाढली, पण ती वाढली घराण्याच्या गायकीसारखी. गुरूनें गावें आणि शिष्यानें ऐकून उचलावें, तसें वडील स्वारानें पुढें जावें व धाकट्यानें त्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवून शिकावें. जो शिकतांना पडला व वांचला, तो पुढें इतरांस दाखवी. कां हें कोणी विचारीत नसे, आणि विचारलें असतें तरी राइटला मिळालें तेंच उत्तर मिळालें असतें.

वास्तविक यांतील गणित शाळेंतल्या मुलासही समजण्याजोगें आहे. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या दुचाकीस उभ्या रेषेपासून सुमारें २० अंश कलावें लागतें. वेग ४५ झाला कीं हा कोन ३९ अंशांच्या घरांत जातो, आणि ६० झाला कीं ५५ अंशांच्या. वेग दुप्पट होतांच वळण्यास लागणारें बळ चौपट होतें, आणि तें सारें टायरच्या तळहाताएवढ्या भागानें पुरवावयाचें असतें. साध्या मोटारसायकलचे फुटरेस्ट ५५ अंशांच्या पुष्कळ आधींच जमिनीस घासूं लागतात. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणापूर्वीं, वळणांत शिरल्यावर नव्हे. कारण टायरची पकड एकच, ती ब्रेकला द्यावी कीं वळण्याला द्यावी, हा प्रश्न वाटेंतच पडूं देऊं नये.

पण अनाठायीं वेगानें वळणांत शिरलाच, तर मनुष्य काय करतो? या प्रश्नाचा खरा तपास अमेरिकेंत झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजेलिस भागांतील नऊशेंहून अधिक अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. तिचा अहवाल १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. अपघातांत सांपडलेल्या स्वारांपैकीं शेंकडा ९२ जणांनीं कोठेंही रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें. ते स्वतः किंवा घरच्यांपासून, मित्रांपासून शिकलेले होते. ज्या अपघातांत दुसरें वाहन नव्हतेंच, त्यांतील सुमारें दोन तृतीयांश स्वाराच्या चुकीनें घडले होते: कोणी ब्रेक अति दाबून घसरला, कोणी वळण पुरें न घेतल्यानें रस्त्याबाहेर गेला. आणि उलट दाबानें गाडी चटकन् वळविण्याचें कौशल्य या स्वारांत जवळजवळ नव्हतेंच.

जी गोष्ट प्रत्येक स्वार नित्य करतो ती संकटांत नाहींशी कां व्हावी? भय वाटलें कीं नजर धोक्याच्या वस्तूवर खिळते, आणि जिकडे नजर तिकडे गाडी. अंग ताठ होतें, मागचा ब्रेक पायाखालीं दाबला जातो. आणि सर्वांत घातक म्हणजे, हाताची जुनी संवय मागें पडून मनाची समजूत पुढें होते: उजवीकडे वांचावयाचें म्हणून हँडल उजवीकडे ओढलें जातें, आणि गाडी डावीकडे, ज्याची धास्ती घेतली त्याच्याचकडे, जाते. चुकीचें उत्तर वीस वर्षें निरुपद्रवी राहतें. एका क्षणीं मात्र तें अमलांत येतें.

ही विद्या शब्दांत आणण्याचें श्रेय शर्यतवाल्यांपेक्षां शिक्षकांस अधिक आहे. कीथ कोड यानें कॅलिफोर्नियांत १९८० सालीं शाळा काढली व १९८३ मध्यें पुस्तक लिहिलें. अंग कललें कीं गाडी आपोआप वळते, असा आग्रह धरणाऱ्यांसाठीं त्यानें एक गाडी तयार केली: तिला नेहमींच्या हँडलाखेरीज दुसरें एक हँडल गाडीच्या सांगाड्यास पक्कें जोडलेलें होतें. तें धरून स्वारानें वाटेल तितकें अंग कलवावें. गाडी थोडी डुलते, पण नेमकी वळत नाहीं. एका शास्त्रार्थानें जें सिद्ध झालें नसतें तें या लोखंडी दांड्यानें शंभर पावलांत सिद्ध केलें. १९७३ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन मोटारसायकल सुरक्षा संस्थेनें तर सारी विद्या चार क्रियांत बसविली आहे: वेग कमी कर, वळणाच्या शेवटाकडे पाहा, दाब दे, आणि हळूहळू पेट्रोलची मूठ पिळ. शर्यतींतील केनी रॉबर्ट्सप्रमाणें गुडघा जमिनीस टेकविणें या चौघांत नाहीं, हें आमच्या तरुण मित्रांनीं ध्यानांत घ्यावें. तो विश्वविजेता होता, आणि समोरून ट्रक येणार नाहीं याची त्याला खात्री होती.

इंग्लंडांतील पोलिसांच्या परंपरेनें यांत एक मोलाची भर घातली. लॉर्ड कॉटनहॅम यांनीं १९३७ च्या सुमारास हेंडनच्या पोलीसशाळेस जी पद्धति घालून दिली, ती १९५५ सालीं ‘रोडक्राफ्ट’ या पुस्तकाच्या रूपानें सर्वांस मिळाली. या परंपरेंत डोळ्यांस काम दिलें आहे. रस्त्याच्या दोन्ही कडा जेथें एकमेकींस मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडे पाहावें. तो आपल्याकडे येत असेल तर वळण आवळत आहे, वेग उतरवावा. तो पुढें पळूं लागला तर वळण उलगडत आहे. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यांत थांबतां आलें पाहिजे, हा नियम आंधळ्या वळणावर जितका उपयोगी तितका दुसरा नाहीं.

दुचाकी तोल कसा सांभाळते, हें कोडें मात्र शास्त्रास अजून खेळवीत आहे. १९७० सालीं डेव्हिड जोन्स यांनीं चाकाच्या भोंवऱ्यासारख्या फिरण्याचा परिणाम मुद्दाम पुसून टाकणारी सायकल बनविली, तरीही ती चालवितां आली. २०११ सालीं तर जुनीं दोन्ही कारणें काढून टाकलेली गाडीही आपली आपण उभी राहूं शकते, असें प्रयोगानें दाखविलें गेलें.

आपल्याकडे बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला तो बैलाच्या चालीसाठीं. जुन्या घाटवाटांचीं कित्येक वळणें अजून त्याच मापाचीं आहेत. वेग तेवढा बदलला. आपली वाहतूक डावीकडून, म्हणून डाव्या वळणावर चुकलेला स्वार समोरच्या एस. टी.च्या तोंडीं जातो, आणि उजव्या वळणावर चुकलेला कठड्याकडे. आणि शिक्षण? परवान्याच्या परीक्षेंत मैदानावर आठाचा आकडा काढून त्यावरून पाय न टेकतां गाडी फिरवावयास सांगण्याची रूढि आहे. माणसाच्या चालीइतक्या त्या वेगांत हँडल ज्या बाजूस फिरवावें त्या बाजूस गाडी जाते. उलट दाबाचा मागमूसही लागत नाहीं. उमेदवार उत्तीर्ण होतो, पेढे वांटले जातात, आणि पुढच्या रविवारीं तो मित्रांसमवेत ताम्हिणीची वाट धरतो.