भोंगे बंद, मोबाईल चालू

मानपाड्यात भोंगे थांबले की प्रचार संपला, असं आपण वर्षानुवर्षं धरून चाललो. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ मतदान संपण्याआधीचे ४८ तास सभा-प्रचार बंद ठेवतं. पण १९ नोव्हेंबर २०२४ला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री, भाजपने बिटकॉइनच्या पैशांबद्दलच्या क्लिप सोशल मीडियावर टाकल्या. आवाज सुप्रिया सुळे, नाना पटोलेंचे असा दावा. सुळेंनी आवाज आपला नाही म्हणत तक्रार केली. 'बूम'च्या तपासात क्लिप एआयने बनवल्याच्या खुणा दिसल्या. पण तपासाआधीच त्या फिरल्या होत्या ना!

सुळेंचा आवाज तपासायला निदान कुणीतरी होतं. पालिकेच्या वॉर्डातल्या उमेदवाराचा कोण तपासणार? तिथे निकाल कधी शे-दोनशे मतांनी फिरतो, आणि क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकराला येते.