एक हजार एकची कुळकथा

व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्याचा मेनू उघडला की फ्रेमरेटच्या रकान्यात २३.९८, २९.९७, ५९.९४ असे आकडे दिसतात. त्यांच्याच पंगतीत २५ आणि ५० हे सरळ पूर्णांकही असतात. मुंबई-पुण्याचे कॅमेरामन आणि संकलक वर्षानुवर्षं २५ फ्रेमवर काम करत आले. या अपूर्णांकांशी त्यांची गाठ पडते ती परदेशातलं काम आलं की. ‘अमेरिकेत तसंच असतं’ एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. माझं झालं नाही, कारण हे आकडे दिसतात तितके वेडेवाकडे नाहीत. २९.९७ म्हणजे ३० भागिले १.००१, २३.९८ म्हणजे २४ भागिले १.००१ आणि ५९.९४ म्हणजे ६० भागिले १.००१. तिघांच्या पोटात तोच एक हजार एक.

१००१चे अवयव पाडले तर ७, ११ आणि १३ मिळतात. या तीन मूळ संख्यांचा माग काढत गेलो आणि एक गोष्ट हाती लागली, तिच्यासाठीच हा लेख. ७ आला चित्रातून, ११ आणि १३ आले आवाजातून. कॅमेरा सेकंदाला किती चित्रं घेणार हे आवाजाच्या एका लहरीने ठरवलं आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात. अमेरिकेत १९४१ साली एनटीएससी या समितीने कृष्णधवल टीव्हीचं मानक ठरवलं: ५२५ रेषा, सेकंदाला ३० फ्रेम. घरातली वीज ६० हर्ट्झची, म्हणून ३०. ५२५ अशासाठी की ३ × ५ × ५ × ७ असे लहान विषम भाग पाडून मोजणं त्या काळच्या व्हॉल्व्हच्या मंडलांना झेपायचं. आपला ७ तो हा. सेकंदाला ३० फ्रेम, प्रत्येकी ५२५ रेषा, म्हणजे सेकंदाला १५,७५० रेषा. आवाजाची वाहक लहर चित्राच्या वाहक लहरीपासून ४.५ मेगाहर्ट्झ वर ठेवली होती.

मग रंग आला. सीबीएस या प्रसारण कंपनीच्या फिरत्या चकतीच्या रंगीत पद्धतीला १९५०मध्ये सरकारी मान्यता मिळाली, पण जुन्या संचांवर ते चित्र दिसेना आणि १९५१ संपायच्या आत ते प्रसारण थांबलं. नव्याने बसलेल्या एनटीएससीपुढे अट होती की रंगीत कार्यक्रम जुन्या कृष्णधवल संचावरही नीट दिसला पाहिजे. त्यांची पद्धत १७ डिसेंबर १९५३ रोजी मंजूर झाली.

इथे थोडं थांबायला हवं. बेल प्रयोगशाळेतल्या पिएर मेर्ट्झ आणि फ्रँक ग्रे यांनी १९३४मध्येच दाखवून दिलं होतं की रेषारेषांनी वाचलेल्या चित्राची शक्ती सगळ्या पट्ट्यात सारखी पसरत नाही. रेषांच्या वारंवारतेच्या पूर्ण पटींपाशी ती गोळा होते. फणीच्या दातांमध्ये फटी असतात तशा मधल्या जागा जवळजवळ मोकळ्याच राहतात. रंगाची उपवाहक लहर या फटीत बसवायची, ही एनटीएससीची सुंदर युक्ती. त्यासाठी तिची वारंवारता रेषांच्या अर्ध्या पटीवर हवी. त्यांनी २२७.५ पट निवडली.

पण रंगाची लहर आणि आवाजाची लहर संचात एकत्र आल्या की त्यांच्या फरकाइतकी, सुमारे ९२० किलोहर्ट्झची, तिसरीच एक लहर उपजते आणि पडद्यावर जाळी उमटवते. ही जाळी डोळ्यांना जाणवू नये तर तीही फटीतच बसली पाहिजे. रंग अर्ध्या पटीवर आहे, म्हणून आवाज पूर्ण पटीवर हवा. आता ४५,००,००० भागिले १५,७५० करून पाहा. उत्तर येतं २८५.७१. पूर्ण पट नाही! जवळचा पूर्णांक २८६, आणि २८६ म्हणजे २ × ११ × १३. मिळाले आपले ११ आणि १३.

हा मेळ बसवायचे मार्ग दोन होते. एक, आवाज किंचित वर सरकवून ४.५०४५ मेगाहर्ट्झवर न्यायचा. दोन, आवाज जागेवर ठेवून रेषांचा वेग कमी करायचा. समितीने दुसरा घेतला. रेषा सेकंदाला १५,७३४.२७ झाल्या, फ्रेम ३०च्या २९.९७ झाल्या, आणि रंगाची उपवाहक लहर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झवर स्थिरावली.

या हिशेबाशी स्पर्धा करणाऱ्या तीन गोष्टी लोकांच्या तोंडी असतात. पहिली, अमेरिकेची वीजच ५९.९४ हर्ट्झची असते. वीज ६०चीच होती आणि आहे. जपानने तर १९६०मध्ये हीच रंगीत पद्धत सुरू केली, तेव्हाही टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झची वीज होती आणि आजही आहे. दुसरी, रंगाला जागा करून देण्यासाठी वेग कमी केला. पण वाहिनीची रुंदी होती तेवढीच, ६ मेगाहर्ट्झ राहिली, आणि रंग चित्राच्याच पट्ट्यात फटी शोधून बसला. हजारातला एक भाग कमी करून कुठलीच नवी जागा निघत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत प्रतिष्ठित, कारण ती अर्धी खरी आहे: ‘रंगामुळे २९.९७ झालं.’ आवाजाची लहर बाजूला ठेवून पाहा. १५,७५०ची २२७.५ पट घ्या, ३५,८३,१२५ हर्ट्झ येतात. रंग तिथे निवांत बसला असता आणि फ्रेम पुऱ्या ३० राहिल्या असत्या. रंगाने निमित्त पुरवलं, फ्रेम कापल्या त्या आवाजाने.

मग आवाजच का नाही सरकवला? अभियंत्यांत यावर आजही दोन तट आहेत. आवाज सरकवायला हवा होता म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की टीव्हीचा आवाज एफएमवर जातो, आणि बोलताना-गाताना ती लहर मध्यापासून २५ किलोहर्ट्झ इकडे आणि तितकीच तिकडे झुलते. तिच्यापुढे साडेचार किलोहर्ट्झ ते काय! समितीच्या बाजूचे सांगतात की तेव्हाच्या कित्येक संचांत आवाज काढायची इंटरकॅरियर नावाची पद्धत होती. तिची मंडलं नेमक्या ४.५ मेगाहर्ट्झला जुळवलेली असत. लाखो दिवाणखान्यांतले संच किंचित बेसूर करायचा धोका कोण पत्करणार? उलट रेषांचा वेग हजारात एकाने उतरला तर चित्र पकडून ठेवणारी मंडलं तो फरक सहज सांभाळून घेत.

मी समितीच्या बाजूचा आहे, पण माझं कारण वेगळं आहे. १९५३मध्ये टीव्हीच्या फ्रेम मोजण्याची गरज जवळजवळ कोणालाच नव्हती. अँपेक्सने चित्र टिपणारं पहिलं व्यवहारात चालेल असं टेपयंत्र शिकागोत लोकांपुढे मांडलं ते एप्रिल १९५६मध्ये, म्हणजे निर्णयानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने. तोवर टीव्हीचं चित्र आलं आणि गेलं. पडद्यावरून फिल्मवर उतरवून घेणारे किनेस्कोपवाले होते, पण त्यांची मोजणी फिल्मच्या छिद्रांवर व्हायची. जे मोजलंच जात नाही त्यातला हजारावा भाग गेला तर तक्रार कोण करणार? अँपेक्सचं यंत्र चार वर्षं आधी आलं असतं, तर समितीने आवाज सरकवला असता आणि आज मेनूत ३० आणि ६० हेच आकडे दिसले असते, असं मला ठामपणे वाटतं. संकलनाचा जन्म व्हायच्या आत संकलकांच्या वाटेत हा खडा पडून गेला.

टेप आली तशी ती कापणंही आलं, सुरुवातीला अक्षरशः पात्याने. पुढे प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा पत्ता देण्याची कल्पना निघाली. हाच टाइमकोड. त्याचं माहेर माझ्या मते क्षेपणास्त्रांच्या चाचणी-मैदानांवर आहे. तिथे १९६०पासून आयआरआयजी नावाचे कालसंकेत मोजमापाच्या नोंदींसोबत टिपले जात, अंक लिहिण्याची तीच दशमान-द्विमान रीत वापरून. संकलनासाठी टेपवर असा संकेत कॅलिफोर्नियातल्या ईईसीओ कंपनीने १९६७मध्ये आणला, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एसएमपीटीई या चित्रपट-टीव्ही अभियंत्यांच्या संस्थेने त्याचं मानक केलं.

आता खडा टोचू लागला. टाइमकोड ३०पर्यंत मोजतो, फ्रेम येतात २९.९७. टाइमकोडचा एक तास पुरा होतो तेव्हा भिंतीवरचं घड्याळ ३.६ सेकंद पुढे गेलेलं असतं. जाहिरातींचा हिशेब सेकंदात करणाऱ्या वाहिनीला हे चालणारं नव्हतं. तोड निघाली ड्रॉप-फ्रेमची. दर मिनिटाच्या आरंभी ०० आणि ०१ हे दोन क्रमांक गाळायचे, मात्र प्रत्येक दहाव्या मिनिटाला गाळायचे नाहीत. ०१:००:५९;२९नंतर थेट ०१:०१:००;०२. तासात ५४ मिनिटं, प्रत्येकी दोन, एकूण १०८ क्रमांक. आणि १०८ फ्रेम म्हणजे जवळजवळ ३.६ सेकंद. चित्र एकही जात नाही, गाळले जातात फक्त पत्ते. सेकंद आणि फ्रेम यांच्यामध्ये अर्धविराम दिसला की ड्रॉप-फ्रेम, अपूर्णविराम दिसला की नॉन-ड्रॉप, ही खूण संकलक आधी पाहतो. लीप वर्षाच्या धर्तीचीच ही व्यवस्था आहे, आणि लीप वर्षासारखी तीही पुरती शुद्ध नाही. चोवीस तासांत सुमारे ८६ मिलिसेकंदांचा फरक उरतोच. तरीही मला ती माणसाच्या डोक्यातून निघालेल्या देखण्या तडजोडींपैकी एक वाटते.

या कुळाची एक शाखा भलत्याच घरात गेली, तीही सांगून टाकतो. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. यंत्राचं मुख्य स्फटिक १४.३१८१८ मेगाहर्ट्झचं होतं, म्हणजे टीव्हीच्या रंगलहरीच्या चौपट, आणि त्याचा तिसरा भाग ४.७७. संगणक घरच्या टीव्हीला जोडता यावा म्हणून ते निवडलं. पहिल्या पीसीच्या धडधडत्या काळजातही २८६ होता.

आपल्याकडे हा गुंता आला नाही. भारताने ६२५ रेषा आणि २५ फ्रेमची युरोपीय पद्धत घेतली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं ते तिच्यावरच, आणि १९८२मध्ये रंग आला तोही पाल पद्धतीचा. सेकंदाला १५,६२५ रेषा आणि आवाज ५.५ मेगाहर्ट्झवर. भागून पाहा, नेमके ३५२! ज्या मेळासाठी अमेरिकेने फ्रेम कापल्या तो इथे जन्मजात होता. योजना की योग? हे आकडे कृष्णधवल काळात ठरले, तेव्हा रंगाशी आवाजाचा मेळ हा विचार त्यांच्यामागे नसावा. माझा कौल योगाकडे.

अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं जुन्या पद्धतीचं प्रसारण १२ जून २००९ला बंद झालं. ४.५ मेगाहर्ट्झवरच्या ज्या आवाजाला सांभाळायचं होतं, तो त्या केंद्रांच्या हवेतून गेला. १००१ गेला नाही. एचडी आली, फोर-के आलं, आणि मेनूतला १२० फ्रेमचा स्लो-मोशन आजही बऱ्याचदा ११९.८८ असतो, कारण जुन्या साठ्याशी आणि इतर यंत्रांशी जुळायचं तर तोच भागाकार हवा. भोग आहे तो पुन्हा आवाजाच्याच वाट्याला. व्यावसायिक कॅमेरा सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन आवाज टिपतो. २५च्या हिशेबात प्रत्येक फ्रेमला बरोबर १,९२० नमुने येतात. २९.९७च्या हिशेबात येतात १,६०१.६, आणि सहा दशांश नमुना कोणालाच घेता येत नाही. म्हणून यंत्रं काही फ्रेमना कमी आणि काहींना जास्त नमुने देतात, आणि चित्र-आवाजाचा हिशेब दर पाचव्या फ्रेमला पुरा करतात. पाच फ्रेममध्ये नमुने येतात ८,००८, म्हणजे आठ वेळा एक हजार एक.